आधी नियम, मग रंग: वेबफ्लोमध्ये मराठी बुकिंग ॲप कसं सजवायचं

वीस वर्षं मी पुण्यात डीटीपी केलं. पेजमेकर, कोरलड्रॉ आणि श्रीलिपी यांच्यावर घर चाललं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, दिवाळी अंकांची जुळणी, निवडणुका लागल्या की परिचयपत्रकं. कोड मला तेव्हा येत नव्हता आणि आजही मी तो लिहीत नाही. पण गेली काही वर्षं लहान व्यावसायिकांच्या वेब ॲपची मांडणी आणि सजावट हेच माझं काम आहे, आणि ते मी बहुतेक वेळा वेबफ्लो या वेबसाइट बनवायच्या साधनात करते. पडद्यावर चौकोन ठेवायचा, उजवीकडच्या पट्टीत आकडे भरायचे, रंग निवडायचे. त्यामागचं सीएसएस, म्हणजे पानाच्या सजावटीचा कोड, ते साधन स्वतः लिहितं.

डीटीपीतून आलेले अनेक जण मला विचारतात, आम्हाला जमेल का? जमेल. उलट इतरांपेक्षा लवकर जमेल, कारण समास, ओळींमधलं अंतर, अक्षराचं वजन हे सगळं तुमच्या हातात आधीच आहे. फक्त एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी लागते. ती कशी, हे एकाच कामाच्या आधाराने सांगते.

काम होतं रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या एका गणपती कारखान्याचं. पेणच्या मूर्ती परदेशातही जातात, त्यामुळे तिथली नोंदणी चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी सुरू होते. कारखान्याच्या मालकांकडे, म्हणजे काकांकडे, ४२ नमुने होते, ९ इंचांपासून ३ फुटांपर्यंत, काही शाडूचे, काही प्लास्टरचे. गिऱ्हाइकाने नमुना बघायचा, उंची निवडायची, नाव आणि फोन द्यायचा, मूर्ती न्यायचा दिवस सांगायचा. ॲपचं काम इतकंच.

आधी माझी चूक

पेणच्या आधी मी एका दुकानासाठी असंच ॲप केलं होतं. त्यात मी प्रत्येक चौकोन हाताने सजवला. एक वस्तू नीट दिसली की पुढची. वेबफ्लोमध्ये तुम्ही एखाद्या चौकोनाला नाव न देता थेट रंग दिला, तर ते साधन स्वतःच एक क्लास तयार करतं आणि त्याला क्रमांक देतं. माझ्याकडे 'डिव्ह ब्लॉक ४३' पर्यंत नावं गेली. मग मालक म्हणाले, ताई, किमतीचं अक्षर जरा मोठं करा. एका वाक्यातली दुरुस्ती, आणि मला ती प्रत्येक चौकोनात वेगळी करावी लागली. दोन रात्री गेल्या.

पेजमेकरमध्ये माझ्या हाताखालच्या मुलीने प्रत्येक मथळा निवडून त्याला हाताने २४ पॉइंट दिले असते, तर मी तिला थांबवलं असतं. स्टाइल बनव, म्हटलं असतं. मथळ्याची एक स्टाइल, उपमथळ्याची एक, मजकुराची एक. संपादकांनी फॉन्ट बदलायला सांगितला की स्टाइल बदलायची, दीडशे पानं आपोआप बदलतात. वेबफ्लोमधला क्लास म्हणजे तीच स्टाइल. साधन नवीन दिसलं म्हणून मी माझंच ज्ञान बाजूला ठेवलं होतं.

तेव्हा सवय ही: चौकोनाला सजवायचं नाही, नियमाला सजवायचं. चौकोनाने नियमाचं नाव घ्यायचं.

साधन उघडण्याआधी

खरा मजकूर हातात घ्या. 'इथे वस्तूचं नाव येईल' असं लिहून केलेली मांडणी खरं नाव आलं की मोडते. काकांनी दिलेली दरपत्रकाची फाइल कोरलड्रॉमधली होती, जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये. तसला मजकूर वेबवर थेट चिकटवला तर रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची भेळ दिसते, कारण तो यूनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतो. आधी परिवर्तकातून यूनिकोड करून घ्या आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि 'ऱ्य' या तीन ठिकाणी परिवर्तनात हमखास गडबड होते. 'मूर्ती'चा रफार घसरलेला दरपत्रकात गेला तर मूर्तिकाराला किती लागेल, हे सांगायला नको.

मग एका कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहा: किती प्रकारची अक्षरं लागतील, किती रंग, किती प्रकारच्या मोकळ्या जागा. माझ्या कागदावर होतं: अक्षरांचे चार आकार (पानाचा मथळा, मूर्तीचं नाव, मजकूर, बारीक टीप), पाच रंग, आणि मोकळ्या जागेसाठी ८, १६, २४, ४८ पिक्सेल. याबाहेरचा आकडा वापरायचा नाही. कागदावर हे ठरायला अर्धा दिवस लागला.

तयार टेम्प्लेट घेऊ नका, निदान पहिल्या कामाला तरी. मी एकदा एक सुंदर टेम्प्लेट विकत घेतलं. रोमन मजकुरात ते देखणं होतं. मराठी घातल्यावर प्रत्येक मथळ्याची शिरोरेघ तुटली. अक्षर, फट, अक्षर, फट. टेम्प्लेट करणाऱ्याने मथळ्यांना २ पिक्सेलचं अक्षरांतर, म्हणजे दोन अक्षरांमधली जागा, दिलं होतं. रोमन कॅपिटल अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत अक्षरांतर शून्यच हवं, कारण आपली अक्षरं एका रेघेला टांगलेली असतात. कोरी साइट घेतलीत तर असे कोणाचे तरी निर्णय उपसत बसावं लागत नाही.

पायाचा नियम: सगळ्या पानांचं अंग

कोरी साइट उघडली की पानाचं सर्वांत बाहेरचं अंग, म्हणजे बॉडी, निवडा. उजवीकडे स्टाइल पॅनलच्या वरच्या टोकाला निवडकर्त्याचा रकाना असतो. तिथे क्लिक करून 'बॉडी (ऑल पेजेस)' हा पर्याय घ्या. आता जे ठरवाल ते प्रत्येक पानाच्या प्रत्येक अक्षराला लागू होईल, जोपर्यंत तुम्ही खाली वेगळं सांगत नाही.

इथे मूळचं अक्षर १४ पिक्सेल आणि ओळीची उंची २० पिक्सेल असते. हे दोन्ही बदला. देवनागरीला १४ फार लहान आहे. वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, आणि हे सगळं त्याच उंचीत बसवायचं असतं, त्यामुळे अक्षराचा गाभा रोमनपेक्षा लहान दिसतो. मी १८ ठेवते.

ओळीच्या उंचीपाशी जरा थांबा, कारण इथे नवशिक्या माणसाचे तास जातात. २० पिक्सेल हा ठाम आकडा आहे. तुम्ही खाली कुठे अक्षर २८ पिक्सेलचं केलंत तरी ओळ २०चीच राहू शकते, कारण ती वरून वारशाने आलेली असते. मग दोन ओळी एकमेकींवर चढतात. म्हणून पिक्सेल काढून टाका आणि एकक नसलेला साधा आकडा भरा: १.६. म्हणजे अक्षराच्या १.६ पट. अक्षर मोठं झालं की ओळही मोठी. मथळ्यांना १.३५ पुरतं, पण त्याखाली जाऊ नका. पहिल्या मथळ्याची मूळ मापं ३८ अक्षर आणि ४४ ओळ अशी असतात, म्हणजे जेमतेम १.१६. दोन ओळींचा मराठी मथळा त्यात बसवून बघा, खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला टेकलेली दिसेल.

याच ठिकाणी मजकुराचा रंगही द्या. शुद्ध काळा मी देत नाही, किंचित तपकिरी झाक असलेला गडद देते. ही माझी आवड.

आणि साइटच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषेचा संकेत मराठीचा करा. हे बहुतेक जण विसरतात. अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर पान कोणत्या भाषेत वाचायचं हे त्यावरून ठरवतो. शिवाय नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे ठेवलेले असतात, आणि पान मराठीत आहे हे कळलं तरच ते बाहेर येतात. आपल्या पानावर आपलं 'ल' यावं, यासाठी एवढे दोन क्लिक करायलाच हवेत.

फॉन्ट

पेणच्या कामासाठी मी 'मुक्ता' घेतला. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे आणि त्याची सात वजनं मिळतात. सातही घेऊ नका, प्रत्येक वजन ही फोनवर उतरणारी वेगळी फाइल असते. मी दोनच घेतली, नियमित आणि ठळक. मथळ्याला थोडं गुबगुबीत काही हवं असेल तर त्याच मंडळींचा 'बलू २' आहे. वाचायचा मजकूर भरपूर असेल, कथा-लेख असतील, तर 'तिरो देवनागरी मराठी' हा खास मराठी वळणाचा फॉन्ट बघा.

कोणताही फॉन्ट नक्की करण्याआधी माझी एक ओळ आहे, ती टंकून बघते: ॲडव्हान्स, किनाऱ्यावर, तऱ्हा, शुद्ध, महाराष्ट्र, ज्ञानेश्वर, बाळ. 'ॲ' काही फॉन्टांत नसतो, मग तेवढं एकच अक्षर दुसऱ्या फॉन्टातून येतं आणि दातात खडा आल्यासारखं वाटतं. 'ऱ्ह' आणि 'ष्ट्र' नीट दिसले तर फॉन्ट कामाचा.

आणखी दोन बारीक गोष्टी. तिरकं अक्षर वापरू नका. बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरं तिरकं रूप नसतं, ब्राउझर उभं अक्षरच ढकलून वाकवतो. जोर द्यायचा असेल तर ठळक करा. दुव्याखालची रेघसुद्धा मी काढते, कारण ती 'मू' आणि 'कृ'च्या पायात अडकते. त्याऐवजी खाली ३ पिक्सेल आतली जागा आणि त्याखाली १ पिक्सेलची किनार. दुवा तर कळतो, आणि उकारही मोकळा राहतो.

रंग

काकांना केशरी हवा होता. गणपतीचं काम, केशरी हवाच. त्यांच्या फलकावर केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं होती आणि ॲपवर तेच हवं होतं. फलकावर अक्षर फूटभर उंच असतं, तिथे चालून जातं. फोनवर नाही. लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ असा केशरी घेतला तर त्यावर पांढऱ्या अक्षराचा उठाव, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं प्रमाण, जेमतेम २.१ होतो. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मधल्या पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ मागितला आहे. त्याच केशरीवर कुंकवासारखा गडद रंग, १२२, ३१, ३१, ठेवला की उठाव ४.८ होतो. मी दोन्ही बटणं काकांच्या फोनवर केली, त्यांना कारखान्याच्या अंगणात उन्हात उभं केलं आणि विचारलं, कोणतं वाचता येतंय? त्यांनी कुंकवाचं दाखवलं. पुढे चर्चा करायची गरज पडली नाही.

हा आकडा मोजायला वेगळं काही लागत नाही. क्रोममध्ये अक्षरावर उजवं क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा, रंगाच्या चौकोनावर क्लिक करा, उठावाचं प्रमाण तिथेच लिहिलेलं असतं. इन्स्पेक्टमध्ये केलेला बदल पान पुन्हा उघडलं की पुसला जातो, म्हणून रंग आणि आकार निर्धास्तपणे बदलून बघायला ती उत्तम जागा आहे. आवडलं की आकडा टिपून घ्यायचा आणि वेबफ्लोमध्ये भरायचा.

भरतानाही थेट बटणात भरू नका. डावीकडे व्हेरिएबलची पट्टी आहे, तिथे रंगाला नाव द्या आणि बटणाने ते नाव घ्यावं. नाव रंगाचं नको, कामाचं द्या. 'केशरी' असं नाव दिलंत आणि पुढच्या वर्षी तो जांभळा झाला तर केशरी नावाचा जांभळा रंग घेऊन बसावं लागेल. 'मुख्य', 'मुख्यावरचं अक्षर', 'पार्श्वभूमी', 'किनार', 'सूचना' अशी माझी पाच नावं आहेत. प्रत्यक्षात मी ती रोमन लिपीत टंकते, क्लासची नावंही. मागच्या सीएसएसला ते सोयीचं जातं.

एक कार्ड, अगदी जवळून

आता खरं काम. ४२ मूर्तींसाठी एकच कार्ड बनवायचं.

एक डिव्ह ब्लॉक, म्हणजे कोरा चौकोन, ठेवा आणि लगेच, रंग देण्याआधी, त्याला क्लासचं नाव द्या: 'मूर्ती-कार्ड'. त्याच्या आत चित्र, नाव, उंची आणि माती यांची ओळ, किंमत, बटण. प्रत्येकाला स्वतःचं नाव: 'मूर्ती-चित्र', 'मूर्ती-नाव' असं. मग कार्डाची मांडणी फ्लेक्स, म्हणजे आतल्या वस्तू एका रांगेत लावणारी, करा, दिशा उभी, आणि मधलं अंतर ८. आतल्या प्रत्येकाला वेगळा समास देत बसू नका, अंतराचा एकच आकडा सगळ्यांमध्ये सारखी जागा सोडतो.

पॅडिंग आणि मार्जिन यांत गोंधळ होतो, तर पत्रिका आठवा. पत्रिकेची चौकट आणि मजकूर यांच्यामधली जागा म्हणजे पॅडिंग. टेबलावर दोन पत्रिका शेजारी ठेवल्या तर त्यांच्यामधली जागा म्हणजे मार्जिन. कार्डाला पॅडिंग १६ द्या. आकडा ओढताना शिफ्ट दाबून धरलं तर चारही बाजू एकदम बदलतात, ऑल्ट दाबलं तर समोरासमोरच्या दोन. कार्डांमधलं अंतर मार्जिनने देऊ नका, ते काम बाहेरच्या ग्रिडचं, म्हणजे कार्डं रांगा-स्तंभांत लावणाऱ्या जाळीचं आहे: तिथे अंतर २४.

चित्रापाशी मला सगळ्यात जास्त वेळ लागला. काकांनी पाठवलेले फोटो कसेही होते, आडवे, उभे, चौकोनी. सगळी कार्डं सारखी दिसावीत म्हणून मी चित्राचं प्रमाण ४ ला ५ ठरवलं आणि बसवणीला 'कव्हर' दिलं. कव्हर म्हणजे चौकट पूर्ण भरायची आणि उरलेलं कापायचं. रांग अगदी सुरेख दिसली. काकांनी बघितलं आणि गप्प झाले. मग म्हणाले, "ताई, मुकुट कापलाय." सिंहासनावरच्या मूर्तीचा मुकुट वरून अर्धा गेला होता, आणि एका उंदराचं शेपूट खालून. मी त्यांची माफी मागितली. बसवणी 'कन्टेन' केली, म्हणजे पूर्ण मूर्ती चौकटीत मावते आणि कडेला जागा उरते. त्या उरलेल्या जागेला फिकट हळदीसारखा रंग दिला, आणि ४२ फोटो एका घरचे दिसायला लागले. क्लास एकच होता, म्हणून ही दुरुस्ती एका ठिकाणी झाली. खाण्याचे पदार्थ, कपडे, घरं यांना कव्हर चालतं. देव, माणसांचे चेहरे, दागिने यांना आधी कन्टेन लावून बघा.

कार्ड झालं की ते कलेक्शन लिस्टमध्ये बसवायचं. कलेक्शन म्हणजे मूर्तींची वही: नाव, उंची, माती, किंमत, फोटो, आणि 'नोंदली गेली' असं होय-नाहीचं बटण. कार्डाचं प्रत्येक अंग वहीतल्या रकान्याला जोडलं की ४२ कार्डं आपोआप उभी राहतात. नोंदलेल्या मूर्तीसाठी मी कार्डात दोन गोष्टी ठेवल्या, नोंदणीचं बटण आणि 'नोंदली गेली' अशी पट्टी, आणि दोघांच्या दिसण्याला अट लावली. वहीत होय असेल तर पट्टी दिसते, नाही तर बटण.

बटणं मात्र दोन जातींची हवी होती, भरीव केशरी 'नोंदणी करा' आणि नुसत्या किनारीचं 'फोन करा'. त्यासाठी कॉम्बो क्लास. आधी 'बटण' हा क्लास, त्यात आकार, पॅडिंग, गोलाई, अक्षर. मग त्याच्या जोडीला दुसरं नाव 'दुय्यम', त्यात फक्त रंगाचा फरक. इथे एक खड्डा आहे. तुम्ही 'दुय्यम' असलेलं बटण निवडून पॅडिंग वाढवलंत तर ते फक्त दुय्यम बटणांचं वाढतं, मूळ बटणाचं नाही. बदल करण्याआधी निवडकर्त्याच्या रकान्यात कोणती नावं आहेत ते बघायची सवय लावा.

आणि गोंधळ झालाच तर पॅनलमधल्या शब्दांचे रंग वाचा. गुणधर्माचं नाव निळं दिसलं तर तो आकडा याच क्लासवर दिलेला आहे. नारिंगी दिसलं तर तो वरून कुठून तरी आलाय, आणि त्यावर क्लिक केलं की कुठून ते कळतं. निळ्यावर ऑल्ट धरून क्लिक केलं की तो आकडा निघून जातो आणि वरचा नियम पुन्हा लागू होतो. 'हे अक्षर लाल का दिसतंय' या प्रश्नाचं उत्तर दर वेळी इथेच सापडतं.

फोन

वेबफ्लोमध्ये मूळ मांडणी डेस्कटॉपची असते. तिथला बदल लहान पडद्यांकडेही जातो आणि मोठ्यांकडेही. ९९१ पिक्सेलपासून खाली टॅब्लेट, ७६७पासून आडवा फोन, ४७८पासून उभा फोन. या खालच्या टप्प्यांवर केलेला बदल त्याहून लहान पडद्याकडेच जातो, वर चढत नाही. म्हणून आधी डेस्कटॉप पूर्ण करा, मग एकेक पायरी उतरा, आणि खाली फक्त जे मोडलंय तेच दुरुस्त करा. उगाच प्रत्येक टप्प्यावर सगळं नव्याने ठरवलं की हाताने सजवण्याची जुनी खोड परत येते.

माझ्या ग्रिडला डेस्कटॉपवर ४ स्तंभ, टॅब्लेटवर ३, आडव्या फोनवर २ आणि उभ्यावर १. उभ्या फोनवरही २ ठेवून पाहिले, पण 'सिंहासनावरचा' हा शब्द कार्डात मावेना आणि किंमत दुसऱ्या ओळीवर गेली.

बटणाची उंची बोटाच्या हिशोबाने ठेवा. मी ४८ पिक्सेलखाली जात नाही. कारखान्यातल्या माणसाचा हात मातीने भरलेला असतो, तो एका बोटाने, घाईत दाबतो. बटणाच्या अवस्थाही ठरवा: माउस वर आला की, दाबलं की, आणि कीबोर्डने फोकस आला की. फोनवर माउस नसतो, त्यामुळे नुसत्या हॉवरवर काही लपवून ठेवू नका. फोकसची कड कधीही पुसून टाकू नका, टॅब दाबत पुढे जाणाऱ्या माणसाला आपण कुठे आहोत हे तेवढ्याच कडेवरून कळतं.

नोंदणीचा अर्ज

अर्जात सजावट कमी आणि काळजी जास्त. रकान्याचं नाव रकान्याच्या वर लिहा, आत फिकट अक्षरात नको. टंकायला सुरुवात केली की आतलं नाव नाहीसं होतं आणि वयस्कर माणूस अडतो. रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनवर सफारी त्या रकान्यावर टेकताच पान मोठं करून टाकतो आणि मांडणी बाजूला सरकते. मी १८च ठेवलं, पायाच्या नियमाप्रमाणे.

फोनच्या रकान्याचा प्रकार 'फोन' द्या, म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड वर येतो. 'क्रमांक' प्रकार देऊ नका. त्यात देवनागरी अंक टंकले तर ब्राउझर घेत नाही, आणि आपल्याकडे ते टंकणारे आहेत. मूर्ती न्यायचा दिवस मी यादीतून निवडायला दिला. अर्ज पाठवल्यावर जो निरोप दिसतो तो मूळचा इंग्रजीत असतो आणि कार्डं, रंग यांच्या नादात तसाच राहतो. तो मराठीत लिहा, आणि अर्ज गेला नाही तर दिसणारा निरोपसुद्धा. काकांच्या ॲपवर लिहिलंय: 'नोंद मिळाली. संध्याकाळपर्यंत आम्ही फोन करू.' हे वाक्य काकांनी सांगितलेलं आहे, आणि ते खरोखर फोन करतात.

हे साधन कुठवर पुरतं

वेबफ्लो मोफत उघडून शिकता येतं, पान त्यांच्या उपपत्त्यावर चढवताही येतं. स्वतःचं डोमेन जोडायचं तर दरमहा पैसे पडतात. ते गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगा, नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं. तयार सीएसएस बाहेर काढून दुसरीकडे ठेवता येतं, पण त्यासाठीही पैसे भरावे लागतात आणि कलेक्शनची वही व अर्ज त्यासोबत चालत नाहीत. लॉगिन, पैशांचा भरणा, शिल्लक मालाचा हिशोब हे वाढायला लागलं की सरळ प्रोग्रामरला बोलवा. तुमची नावं नीट असतील तर तो तुमचेच क्लास पुढे वापरू शकतो.

वर्डप्रेस वापरत असाल तर २०२२च्या जानेवारीत आलेल्या ५.९ आवृत्तीपासून त्यातही साइट एडिटर आहे. तिथे 'स्टाइल्स'मध्ये जाऊन आधी सगळ्या साइटचं अक्षर आणि रंग ठरवायचे, मग त्या-त्या ब्लॉकचे. कोड न लिहिता ॲप बनवायच्या बबल या साधनातही घटकांच्या स्टाइल नावाने साठवता येतात. पट्ट्या वेगळ्या ठिकाणी असतात, क्रम तोच: पाया, रंगांची नावं, एक कार्ड, मग फोन.

एक शेवटचं पान मात्र प्रत्येक कामात बनवा, जे गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्यावर सगळे मथळे, दोन्ही बटणं, एक कार्ड, एक नोंदलेलं कार्ड, अर्जाचा एक रकाना, पाचही रंग. मी त्याला नमुना पान म्हणते. काही बदललं की आधी ते पान बघायचं, कुठे काय मोडलं ते एका नजरेत कळतं.

ॲप चालवायचं काम आता काकांच्या सूनबाई करतात. त्यांना मी मजकूर बदलण्यापुरताच प्रवेश दिला, मांडणीला हात लागत नाही. फोटो चढवताना पाळायच्या तीन गोष्टी कागदावर मोठ्या अक्षरात छापून कारखान्याच्या भिंतीला लावल्या: फोटो उभा, ४ ला ५. नावात दोनच शब्द. किंमत देवनागरी अंकांत. पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्याखाली त्यांनी पेनाने चौथी ओळ लिहिलेली होती: डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही.